१९६९ च्या कॅमारोसाठी ३९६ शोधताना: आधी तारखा वाचा, मग इंजिन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत १९६९ ची शेव्हर्ले कॅमारो सुपर स्पोर्ट घेतली. फायरवॉलवरच्या काउल टॅगवर ०३सी आणि एक्स६६ आहे. पण बॉनेट उघडलं तर आत एक ३५० घन इंचांचं इंजिन, आणि त्याच्या व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मधोमध. मूळ इंजिनाचा पत्ता नाही. त्या काळाला शोभेल असं ३९६ घन इंचांचं इंजिन कुठे मिळेल आणि त्याला किती मोजावेत?

मधोमध बोल्ट म्हणजे ते इंजिन १९८७ किंवा त्यानंतरचं, बहुतेक एखाद्या पिकअपमधून काढलेलं. चालायला उत्तम असेल, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण एक्स६६ च्या गाडीत ते उपरंच. सिनसिनाटीला चिकटून असलेल्या नॉरवुडच्या कारखान्यात डिसेंबर १९६८ च्या सुमारास टॅगवर हे एक्स कोड यायला लागले, आणि एक्स६६ म्हणजे साध्या ट्रिमची, ३९६ ची सुपर स्पोर्ट. लॉस एंजेलिसच्या कारखान्यातल्या गाड्यांवर हा कोड नसतो, त्यामुळे त्या मालकांना आयुष्यभर कागद हुडकत बसावं लागतं. तुमचं तेवढं तरी वाचलं. अर्थात टॅग मूळचा असेल तर. टॅगही नवे छापून मिळतात, म्हणून रिव्हेटांच्या आजूबाजूला ओरखडे किंवा नवा रंग दिसतो का ते आधी बघा.

आता ‘कुठे मिळेल’ याच्याही आधी ‘किती बरोबर हवंय’ हे ठरवायला लागेल. कारण ‘त्या काळाचं’ या दोन शब्दांत लोक चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात आणि विकणारा नेमका त्याचाच फायदा घेतो.

सगळ्यात वर मॅचिंग नंबर, म्हणजे ब्लॉकवर तुमच्याच गाडीच्या व्हीआयएनचा (ओळख क्रमांकाचा) तुकडा पंच केलेला. ते इंजिन गेलं, विषय संपला. उद्या कुणी फोन करून ‘तुमच्या गाडीचंच इंजिन सापडलंय’ म्हणाला तर हुरळून जाऊ नका. शंभरात एखाद्या वेळी ते खरंही असतं, पण त्याच्याबद्दल पुढे बोलू. त्याखालोखाल तारखेला जुळणारं: ब्लॉकचा ओतीव नंबर बरोबर, आणि ओतल्याची तारीख गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची. त्याखाली कुळानं बरोबर: ३९६ च, त्याच सुमाराचं, पण तारखेचा आग्रह नाही. आणि सगळ्यात खाली नुसतं दिसायला बरोबर. शेव्हर्लेची बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या ब्लॉकची, इंजिनं (३९६ त्यातलंच) १९६५ पासून एकाच घडणीची असल्यामुळे सत्तरच्या दशकातल्या पिकअपचं ४५४ नारिंगी रंगवून, क्रोमची कव्हरं घालून ठेवलं तर शंभरातल्या नव्वदांना कळत नाही. ते मला कमीपणाचं वाटत नाही. फक्त विकताना ‘३९६’ म्हणून विकू नये.

तुम्ही कुठल्या पायरीवर थांबावं हे मी इथून सांगू शकत नाही. गाडी स्पर्धेत परीक्षकांसमोर ठेवायची आहे, दर रविवारी चालवायची आहे की पाचेक वर्षांनी विकायची आहे, त्यावर ते आहे. शिवाय एक्स६६ हा कोड ३९६ सांगतो, पण त्यातलं ३२५ हॉर्सपॉवरचं, ३५० चं की ३७५ चं, हे सांगत नाही. व्हीआयएनमध्येही ते नसतं. १२४३७९एन या सुरुवातीतून शेव्हर्ले, आठ सिलिंडरची कॅमारो, कूपे, १९६९, नॉरवुड एवढंच कळतं. जनरल मोटर्सने व्हीआयएनमध्ये इंजिनाचं अक्षर घातलं ते १९७२ च्या मॉडेलपासून. तुमच्याकडे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीच्या पुस्तकाबरोबर मिळणारी ती छोटी पत्र्याची पट्टी असेल, किंवा सीटखाली, पेट्रोलच्या टाकीवर बिल्ड शीटचा, म्हणजे कारखान्यातल्या जुळणीच्या यादीचा, चुरगळलेला कागद सापडला, तर प्रश्न मिटला. नाही सापडला तर ३२५ धरून चाला. ३७५ ची गाडी असल्याचा पुरावा नसताना ३७५ चं इंजिन बसवणं म्हणजे पैसे ओतून स्वतःच्या गाडीबद्दल शंका निर्माण करणं.

माझं स्वतःचं मत: ब्लॉक तारखेला जुळणारा घ्या, बाकी सगळं कुळानं बरोबर असलं की पुरे. बरेच जण उलटं करतात. पूर्ण ‘इंजिन’ विकत घेतात, कारण त्यावर कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, पंखा, सगळं चढवलेलं दिसतं आणि डोळे दिपतात. हेड, इनटेक, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, अल्टरनेटर हे नंतर एकेक करून, सवडीने, हव्या त्या तारखेचं मिळवता येतं. ब्लॉक मात्र एकदा रीबोअर करून (सिलिंडर जरा मोठे कातून), जुळणी करून गाडीत गेला की तो बदलायचं कुणाच्या जिवावर येत नाही. म्हणून सुरुवातीचा सगळा हट्ट त्या एका बिडाच्या तुकड्यावर खर्च करा.

मी फाउंड्रीतून आलेला माणूस. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत उमेदवारी केली, मग मिशिगनला इंजिनांच्या मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलं. त्यामुळे ब्लॉककडे बघताना मला आधी ओतकाम दिसतं, आणि तुम्हालाही तशीच सवय लावून घ्या म्हणतो. ब्लॉकवर दोन प्रकारचे नंबर असतात. एक साच्यातूनच उठून आलेले, हाताला फुगीर लागणारे. ते बनवणं अवघड, म्हणून त्यांच्यावर विश्वास जास्त. दुसरे जुळणीच्या वेळी हातोडीने पंच केलेले, खोलगट. ते कुणीही ठोकू शकतो.

फुगीर नंबरांपैकी मोठा नंबर मागच्या बाजूला, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं खोकं) जिथे बसते त्या फ्लँजवर, ड्रायव्हरच्या बाजूला असतो. तुमच्या गाडीसाठी तो ३९५५२७२ हवा, तो १९६९ च्या ३९६ चा. शेवटचा आकडा मिणमिणत्या प्रकाशात वाचू नका: ३९५५२७० हा ४२७ चा ब्लॉक आहे, आणि तो सापडला तर तुमच्यासाठी चुकीचा असला तरी दुसऱ्या कुणासाठी सोनं आहे. ३९६९८५४ हाही तुम्हाला दिसेल. तो वर्षाच्या शेवटाकडचा आणि १९७० चा, आणि १९७० मध्ये ‘३९६’ चा बिल्ला लावून आलेलं इंजिन खरं तर ४०२ घन इंचांचं होतं. मार्चच्या गाडीला तो नको.

ओतल्याची तारीख बिग ब्लॉकला पॅसेंजरच्या बाजूला, मागे स्टार्टरजवळ असते. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एलपर्यंत. मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. ‘बी १८ ९’ म्हणजे १८ फेब्रुवारी १९६९. (वर्षाच्या या एकाच आकड्याचा प्रश्न ३५० वाल्यांना फार छळतो, कारण त्यांचा ३९७००१० हा ब्लॉक १९६९ पासून जवळपास दहा वर्षं ओतला गेला. तिथे ९ म्हणजे १९६९ की १९७९ हे नुसत्या तारखेवरून कळत नाही, पंच केलेलं बघावं लागतं.)

तुमच्या टॅगवरचं ०३सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. मग ब्लॉक जानेवारी, फेब्रुवारीचा हवा, फार तर मार्चच्या पहिल्या दिवसांतला. डिसेंबर १९६८ चाही, म्हणजे ‘एल’ आणि ‘८’, मी चालवून घेईन. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एकदा लाकडी पॅलेटवर एक ३९६ होतं, धुतलेलं, नीटनेटकं, आणि विकणारा ‘मार्चच्या कॅमारोसाठी एकदम फिट’ म्हणून सांगत होता. स्टार्टरच्या जागेवरचा काळा थर पुसला, तर खाली ‘ई १२ ९’. बारा मे. लग्नाआधीच बारसं! विकणारा म्हणाला, ‘दोनच तर महिने.’ परीक्षक सहा महिने आधीच्या ब्लॉककडे एक वेळ काणाडोळा करेल, पण गाडीनंतर ओतलेल्या ब्लॉकला कुठलंच स्पष्टीकरण लागू पडत नाही.

आता पंच केलेले नंबर. समोरच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकची एक छोटी सपाट जागा आहे, तिला सगळे पॅड म्हणतात. तिथे कारखान्याचं अक्षर, महिना, दिवस आणि शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. ‘टी०३०४’ ने सुरुवात असेल तर टोनावांडा, न्यूयॉर्क, ४ मार्च. स्मॉल ब्लॉक (३५० सारखं लहान इंजिन) असेल तर बहुधा व्ही दिसेल, म्हणजे फ्लिंट. शेवटची अक्षरं १९६९ पर्यंत दोन, १९७० च्या मॉडेलपासून तीन. झी/२८ या कॅमारोच्या ३०२ इंजिनाचं ‘डीझेड’ हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, म्हणूनच सगळ्यात जास्त खोटं ठोकलं जाणारं. पॅडवरच, किंवा ऑइल फिल्टरच्या वरच्या खडबडीत भागावर, १९एन… असा व्हीआयएनचा तुकडा असतो.

पॅड बघताना सोबत जुनी सुती फडकी, कार्ब्युरेटर क्लीनरचा कॅन आणि छोटा टॉर्च न्या. वायर ब्रश आणि सँडपेपर घरीच ठेवा. क्लीनर मारून दहा मिनिटं थांबा, फडक्याने टिपा, मग टॉर्च अगदी आडवा धरा. मूळ पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेघा दिसतात. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच या दातेरी हत्याराने तासताना त्या उमटतात. त्या रेघा नंबरांच्या खालून जाताना दिसल्या पाहिजेत. गुळगुळीत आरसा दिसला तर कुणीतरी माथा पुन्हा मशीन केलाय: जुना नंबर गेला, किंवा नवा आला. गोल गोल खुणा दिसल्या तर ग्राइंडर फिरलाय. आणि अक्षरं एकाच रेषेत, एकाच खोलीची, छापील असावीत तशी सुबक दिसली तर मला उलट जास्त संशय येतो.

नंबर गेलेला ब्लॉक म्हणजे वाईट ब्लॉक असं मात्र नाही. साठच्या दशकातलं इंजिन दोनदा उघडलं गेलं असेल तर माथा तासला जाणारच. त्याची किंमत कमी करून मागा, एवढंच. ‘सीई’ ने सुरू होणारा नंबर दिसला तर मी खूशच होतो. ते शेव्हर्लेने स्वतः पुरवलेले बदली ब्लॉक. सीई पुढचा आकडा वर्षाचा. त्या काळी इंजिन फुटलेल्या गाडीला डीलरने हेच बसवलं असतं, म्हणजे तुमच्या गाडीच्या बाबतीत जे घडू शकलं असतं तेच तुम्ही आज करताय. परीक्षक पूर्ण गुण देणार नाहीत, पण त्यात खोटं काही नाही.

मग शोधायचं कुठे? ‘कॅमारोचं इंजिन’ असं लिहिलेल्या जाहिराती शेवटी बघा, कारण त्या शब्दाचेच पैसे जास्त लागतात. त्या वर्षी ३९६ हे मोठ्या इम्पाला आणि कॅप्रिसमध्येही दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरसह, २६५ हॉर्सपॉवरचं म्हणून येत होतं, आणि शेव्हर्लेच्या पिकअपमध्येही ३१० चं. ब्लॉकचं बीड तेच. म्हाताऱ्याच्या कोठारात पडलेली चार दारांची इम्पाला कुणी शोधत येत नाही, म्हणून तिथे भाव माणसात असतो. तारखेला जुळणारा ब्लॉक माझ्या अनुभवात साध्या ३९६ च्या दुप्पट-तिप्पट जातो. त्याहून जास्त कुणी मागत असेल तर तो पॅडवरच्या अक्षरांचे पैसे मागतोय. बाजार म्हणाल तर वसंतात आणि शरदात कार्लाइल, ऑक्टोबरात हर्शी, जुलैत विस्कॉन्सिनमधलं आयोला. तुम्ही ओहायोत म्हणजे कार्लाइल आणि हर्शी एका दिवसाच्या टप्प्यात. शुक्रवारी सकाळी जा, रविवारी दुपारी उरलेलं उरलेलं असतं. आणि जुन्या मशीन शॉपवाल्यांना विचारा. त्यांच्या मागच्या शेडमध्ये पैसे न दिलेल्या गिऱ्हाइकांचे ब्लॉक वर्षानुवर्षं पडून असतात.

विकत घेताना एक अट कागदावर लिहून घ्या: मशीन शॉपमध्ये तडा निघाला तर पैसे परत. जो लिहून देत नाही त्याला सोडून पुढे चला, भले तारीख कितीही गोड असो. आपल्या बाजूच्या थंडीत पाणी काढायचं राहिलं की ब्लॉक बाजूने, फ्रीझ प्लगच्या (बाजूच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्यांच्या) रांगेला लागून फुटतो, आणि ग्रीसचा थर तो तडा छान लपवतो. मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबकाने तडे शोधायची तपासणी, करून घ्याच.

त्याहून महत्त्वाची सोनिक टेस्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीची जाडी मोजणं. ओतताना आतला वाळूचा कोअर जरासा सरकला तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून ब्लॉक सुंदर दिसतो. मग रीबोअर केला की पातळ बाजू आणखी पातळ होते आणि उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापायला लागतं, आणि मालक रेडिएटरला शिव्या देतो. आधीच ०.०६० इंच बोअर केलेला ३९६ मी सोनिक टेस्टशिवाय घेणार नाही. ०.०३० ला घाबरायचं कारण नाही: ३९६ चा बोअर ४.०९४ इंच, त्यात तीस मिळवले की ४.१२४, आणि कंपनीने स्वतः पुढच्या वर्षी ४०२ बनवलं ते ४.१२५ चं.

वरच्या भागांबद्दल थोडक्यात. ३२५ साठी लांबुळक्या पोर्टची हेडं, त्या वर्षीचा ओतीव नंबर ३९३१०६३. १९६९ मध्ये कॅमारोला लांब वॉटर पंप आला आणि अल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूने पॅसेंजरच्या बाजूला गेला, म्हणून त्याआधीच्या वर्षांची हेडं कुणी ‘सेमच आहेत’ म्हणून गळ्यात मारत असेल तर टोकाला ब्रॅकेटची भोकं आहेत का ते तिथेच बघा. १९९१ पासूनची बिग ब्लॉक घडण वेगळी आहे, त्यावर जुना मेकॅनिकल फ्युएल पंप सरळ बसत नाही. दिसायला बरोबर एवढंच हवं असेल तरी त्यापासून दूर राहा. कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीचा सपाट टॅपेटचा असेल तर ऑइल जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं घाला, पहिल्या अर्ध्या तासात तर नक्कीच. कॉम्प्रेशन १०.२५ आहे, पंपावर प्रीमियमच भरा.

आताचं ३५० काढताना त्याचं फ्लायव्हील जपून ठेवायचा मोह होईल. ३९६ ला ते चालणार नाही. १९८६ पासूनच्या स्मॉल ब्लॉकमध्ये मागचं ऑइल सील अखंड झालं आणि क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ लहान झालं. ३९६ ला दोन तुकड्यांच्या सीलचं, वेगळं वजन न लावलेलं फ्लायव्हील लागतं. ४५४ चंही चालत नाही, त्याचा तोल बाहेरून साधलेला असतो. बेलहाउसिंगच्या बोल्टांची ठेवण मात्र दोन्ही इंजिनांची एकच, म्हणून गिअरबॉक्स सुखाने बसेल. पुढच्या स्प्रिंगा तपासा. बिग ब्लॉक पन्नासेक किलोने जड आहे, आणि ३५० बसवणाऱ्याने स्प्रिंगा बदलल्या असतील तर गाडीचं नाक खाली जाईल.

राहिला तो ‘तुमच्याच गाडीचं इंजिन’वाला फोन. तुमचा व्हीआयएन जाहिरातीत, फोटोत दिसतो. रिकामा पॅड आणि पंचांचा संच असला की कुणालाही ‘सापडतं’. तुम्ही स्वतःही ते करू नका, गंमत म्हणूनसुद्धा. ओळख क्रमांक खोडणं-बदलणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि इम्पालाच्या ब्लॉकवर इम्पालाचा नंबर असेल तर तो तसाच राहू द्या. भारतात आरसी बुकात इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते, त्या सवयीने तुम्हाला धास्ती वाटेल. इथे अमेरिकेत बहुतेक राज्यांत टायटल, म्हणजे मालकीचा कागद, गाडीच्या व्हीआयएनवर चालतं. ब्लॉक कुठल्या गाडीतून काढला त्याची पावती, फोटोसकट, फाइलमध्ये ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला तीच दाखवायची.

बाजाराला जाण्याआधी घरचं एक काम करा. गाडी जॅक स्टँडवर घ्या आणि गिअरबॉक्सच्या खोक्यावर १९एन… शोधा, कारण इंजिनासारखाच तोही पंच केलेला असायचा. तो तुमच्या व्हीआयएनशी जुळला तर गिअरबॉक्स मूळचा आहे, आणि गाडी टर्बो ४०० ऑटोमॅटिकची होती की मन्सी चार गिअरच्या मॅन्युअलची, हे कळलं. इंजिनाच्या पॅडवरची शेवटची दोन अक्षरं त्याप्रमाणे वेगळी असतात. शिवाय ऑटोमॅटिक गाडीतून निघालेल्या क्रँकला पायलट बुशचं (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक टेकतं त्या बुशचं) भोक कधी कधी पूर्ण कापलेलं नसतं. मॅन्युअलसाठी घेत असाल तर तेवढं बोट घालून बघा. गिअरबॉक्सच्या त्या नंबराचा आणि टॅगचा फोटो टाका, मग कुठली अक्षरं शोधायची ते सांगतो.